शाळेतील शीलशिक्षण : अमळनेरच्या वसतिगृहावरून एक धडा



शाळेत मुलांस लिहिणे, वाचणे व हिशेब शिकविले जातात. त्याचप्रमाणे खरे बोलणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे आणि कष्टाची लाज न धरणे हेही तेथे शिकविता येईल काय? हा प्रश्न खेड्यातील शिक्षकापुढे आहे, रविवारी मुले जमवून बसणाऱ्या बंधुभगिनींपुढे आहे, आणि पोटाला चिमटा घेऊन आपले मूल शाळेत धाडणाऱ्या आईबापांपुढेही आहे. मूल शिकून हुशार झाले परंतु चांगले झाले नाही, तर त्याच्या हुशारीचा घराला व गावाला तापच होतो. म्हणून ह्या विषयाचा आज थोड्या विस्ताराने विचार करू. आणि त्यासाठी उदाहरण दूरचे न घेता आपल्या खानदेशातलेच घेऊ.

१. अडचण कोठे आहे

आज महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत दिवसाचा आरंभ परिपाठाने होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बोधकथा असा त्याचा साधारण क्रम असतो. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्य, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता इत्यादी मूल्ये मुलांच्या मनावर ठसावीत, असा त्याचा हेतू आहे. हेतू उत्तम आहे, आणि मुले सुविचार पाठही करतात.

आता असे समजा की, एका शाळेत फळ्यावर नेहमी खरे बोलावे असा सुविचार सुवाच्य अक्षरात लिहिला आहे. त्याच दिवशी तपासणीस अधिकारी येणार आहेत, म्हणून शिक्षक घाईघाईने गैरहजर मुलांची नावे हजेरीपटावर हजर म्हणून मांडीत आहेत. पुढच्या रांगेतील एक मुलगा हे पाहत आहे. ज्या सोबत्याच्या नावापुढे हजर असे लिहिले गेले, तो आज आपल्या बापाबरोबर कपाशी वेचावयास गेला आहे, हे त्या मुलास ठाऊक आहे. त्या दिवशी तो मुलगा काय शिकला? फळ्यावरचे वाक्य तो संध्याकाळपर्यंत विसरेल. परंतु लेखणी कशी चालली, हे तो जन्मभर विसरणार नाही. खरे बोलणे हे फळ्यासाठी असते आणि कामकाजासाठी दुसरीच रीत असते, हा धडा त्यास त्या दिवशी मिळाला. आणि तो न शिकविता मिळाला, म्हणून अधिकच पक्का झाला.

काय शिकवावे ह्याविषयी आपल्या देशातील जाणत्या माणसांत फारसा मतभेद कधीच नव्हता. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण देऊ नये असे ठरविले. तेव्हा अशा शाळांत नीतिशिक्षण कसे द्यावे हा प्रश्न निघाला. त्यासाठी १९५९ साली, मुंबई राज्याचे तेव्हाचे राज्यपाल श्रीप्रकाश ह्यांच्या अध्यक्षतेखाली, केंद्र सरकारने एक समिती नेमिली. नैतिक व आध्यात्मिक मूल्यांचे शिक्षण शाळांत असणे इष्ट आहे, असे मत तिने १९६० साली दिले. पुढे १९६४ ते १९६६ ह्या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने आठवड्यातून एकदोन तास ह्या विषयासाठी ठेवावेत असे सुचविले. आणि त्याबरोबरच शिक्षकाच्या वागणुकीचा व शाळेच्या एकंदर वातावरणाचा जो न कळत परिणाम होतो, त्यावरही भर दिला. म्हणजे तास ठरला, मूल्यांची यादीही झाली. परंतु तासाच्या बाहेर जे घडते, त्याचे काय? त्याचे उत्तर कोणत्याही वेळापत्रकात मिळणार नाही. ते एका वसतिगृहात मिळते.

२. अमळनेरचे वसतिगृह

बोरी नदीच्या काठी वसलेले अमळनेर हे गाव आज जळगाव जिल्ह्यात आहे. त्या काळी त्यास पूर्व खानदेशातील अमळनेर म्हणत. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययन करण्यासाठी पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण आला, आणि १९२४ साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. ह्यांसच आपण साने गुरुजी म्हणून ओळखतो. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घरची गरिबी मोठी. पालगडहून दापोलीच्या मिशन शाळेत, तेथून औंधास, मग पुण्यास, अशी पायपीट करीत, कधी हाताने शिजवून तर कधी उपाशी राहून त्यांनी शिक्षण पुरे केले होते. वसतिगृहात राहणाऱ्या परगावच्या मुलाचे मन कसे असते, हे त्यांस पुस्तकावरून शिकावे लागले नाही.

शाळेत ते शिकवू लागले, आणि थोड्याच काळात वसतिगृहाची जबाबदारीही त्यांजकडे आली. खानदेशच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे राहत. आईपासून प्रथमच दूर झालेल्या मुलांच्या खोल्या जशा असावयाच्या तशाच त्या होत्या: अंथरुणे पसरलेली, कपडे कोठेही टाकलेले, भांडी तशीच पडलेली, आणि कंदिलाच्या काचा काजळीने काळ्या झालेल्या. अशा वेळी वसतिगृहाचा अधिकारी काय करतो? नियमांचा कागद भिंतीस डकवितो, दंड ठरवितो, किंवा मुलांस उभे करून स्वच्छतेवर व्याख्यान देतो.

गुरुजींनी केरसुणी हाती घेतली. मुले बाहेर गेली असता ते खोल्या झाडीत, अंथरुणे नीट करीत, कपड्यांच्या घड्या घालीत, कधी मळके कपडे धुऊन टाकीत, आणि कंदिलाच्या काचा पुसून लख्ख करून ठेवीत. मुले परत येऊन पाहत, तो सर्व जागच्या जागी. हे कोणी केले, हे कळावयास वेळ लागला नाही. आपल्या गुरुजींनी आपला केर काढावा, ह्याचा मुलांस संकोच वाटू लागला. आणि हळूहळू ती आपली कामे आपण करू लागली. एखादे मूल आजारी पडले, म्हणजे त्याच्या उशाशी गुरुजी बसत आणि आईने करावी तशी त्याची शुश्रूषा करीत.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मुलांसाठी छात्रालय नावाचे एक दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत. ते छापलेले नव्हे, हस्तलिखित होते. जगातील घडामोडी, थोरांच्या गोष्टी, वसतिगृहात घडलेले चांगले-वाईट, असे सर्व त्यात येई. एका वसतिगृहातील मूठभर वाचकांसाठी शिक्षकाने रोज बसून वर्तमानपत्र लिहावे, ही साधी गोष्ट नाही. पुढे १९२८ साली त्यांनी विद्यार्थी नावाचे मासिकही काढिले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी शाळा सोडिली व तुरुंगवास पत्करिला. म्हणजे त्यांची शाळेतील नोकरी अवघी सहा वर्षांची. परंतु त्या सहा वर्षांवरून महाराष्ट्र त्यांस आजही गुरुजी म्हणतो.

३. ह्या उदाहरणात पाहण्यासारखे काय आहे

पहिली गोष्ट ही की, शील हे कामातून शिकविले गेले. स्वच्छता, परोपकार, श्रमाची प्रतिष्ठा ही नावे त्या वसतिगृहात उच्चारली गेलीही असतील. परंतु मुलांच्या डोळ्यांपुढे जे होते, ती केरसुणी होती, काचेवरून फिरणारी चिंधी होती. मुलाचे मन नावांवर ठरत नाही. ते कृतीवर ठरते. मोठा माणूस कोणत्या कामास हात लावतो आणि कोणते काम दुसऱ्याकडे ढकलतो, हे मूल बारकाईने टिपते, आणि त्यावरून कोणते काम हलके व कोणते मानाचे हे स्वतःशी ठरविते. आपल्या देशात तर केर काढण्याचे काम जातीने नेमून दिलेले होते. तेथे एका ब्राह्मण कुळातील, एम. ए. झालेल्या शिक्षकाने मुलांचा केर काढणे, हा श्रमप्रतिष्ठेवरील शंभर पाठांहून मोठा पाठ होता.

दुसरी गोष्ट, ह्या कामात मुलांस लाजविण्याचा डाव नव्हता. हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. कारण कोणी शिक्षक हा धडा वाचून उद्या मुद्दाम मुलांसमोर झाडू मारील आणि पाहा, मी तुमच्यासाठी किती करतो असे तोंडाने किंवा नजरेने सुचवील, तर मुले ते तत्काळ ओळखतील. त्यापेक्षा सरळ हुकूम केलेला बरा. गुरुजींच्या हातून ते काम झाले, कारण त्यांस मुलांविषयी खरोखरच ममता होती. आणि ममता असली, म्हणजे काम करणाऱ्यास ते काम जड वाटत नाही. मुलांस वाटलेला संकोच हा त्या ममतेचा परिणाम होता.

तिसरी गोष्ट, शिकविणारा स्वतः शिकत राहिला. ह्याचे सुंदर उदाहरण धुळ्याच्या तुरुंगात दिसते. १९३२ साली विनोबा भावे व साने गुरुजी दोघेही तेथे बंदिवान होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी बंदिवानांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अशी अठरा रविवारी अठरा प्रवचने झाली. ती सर्व लिहून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले, आणि त्यांच्या लेखणीमुळेच ती पुढे ग्रंथरूपाने लोकांच्या हाती आली. जो स्वतः हजारो मुलांचा गुरू व्हावयाचा होता, तो येथे शिष्याप्रमाणे खाली बसून दुसऱ्याचे शब्द उतरवून घेत होता. शिक्षकास ऐकता आले पाहिजे. ज्या शिक्षकाचे शिकणे संपले, त्याच्या वर्गातील नम्रतेचा पाठही संपला असे समजावे.

चौथी गोष्ट, जे शिकविले त्याची किंमत त्यांनी स्वतः भरली. सर्व माणसे समान आहेत हे वाक्य प्रत्येक शाळेत शिकविले जाते. गुरुजींनी ते केवळ शिकविले नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून त्यांनी १ मे १९४७ पासून तेथे उपोषण आरंभिले. ते दहा दिवस चालले, आणि अखेरीस मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाले. अमळनेरच्या ज्या मुलांनी त्यांजकडून समतेचा धडा ऐकला होता, ती आता मोठी माणसे झाली होती. आपल्या शिक्षकाने तो धडा प्राणांच्या मोलाने गिरविलेला त्यांनी पाहिला. असा धडा कोण विसरेल?

४. घर ही पहिली शाळा

येथे कोणी म्हणेल, गुरुजींस हे सर्व कोणी शिकविले? त्याचे उत्तर त्यांनीच देऊन ठेविले आहे. नाशिकच्या तुरुंगात असता ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ ह्या पाच दिवसांत त्यांनी श्यामची आई ह्या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहिला. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे ह्यांनी १९५३ साली त्यावर काढिलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तकात श्याम आपल्या सोबत्यांस रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत.

त्यांतील अळणी भाजीची गोष्ट आपल्या घराघरांत सांगण्यासारखी आहे. आईने मोठ्या कष्टाने स्वयंपाक केला, परंतु भाजीत मीठ घालावयाचे राहून गेले. वडील जेवले, मुले जेवली, आणि कोणीही एक अक्षर बोलले नाही. कारण जिने राबून रांधले तिच्या मनास लागू नये, ही वडिलांची इच्छा. आई शेवटी स्वतः जेवावयास बसली, तेव्हा तिला चूक कळली आणि कोणी सांगितले कसे नाही ह्याचे वाईट वाटले. मुलांनी त्या दिवशी दोन्ही बाजू पाहिल्या: दुसऱ्यास न दुखविण्याची वडिलांची रीत, आणि दुसऱ्यास चांगले मिळावे ही आईची तळमळ. ह्यावर कोणी भाष्य केले नसते तरी मुलांस जे शिकावयाचे ते मिळाले असते. पत्रावळीच्या गोष्टीत तर आळशी श्यामला स्वतःची पत्रावळ स्वतः लावावयास शिकावे लागले. स्वावलंबन हा शब्द तेथे कोणी शिकविला नाही. पाने व काड्या हाती दिल्या.

आणि शिकविणारी आई साक्षर असलीच पाहिजे असेही नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांस अक्षरओळख नव्हती. जात्यावर दळता दळता व शेतात राबता राबता त्यांनी आपल्या बोलीत गाणी रचिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, आणि त्यांतील शहाणपणाने मोठमोठे विद्वान थक्क झाले. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. २०१८ साली ते देण्यात आले. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांचे नाव विद्यापीठाच्या दारावर असणे, ही आपणा शिकलेल्या लोकांनी रोज वाचावी अशी पाटी आहे. म्हणून आपल्या खेड्यातील मातांनी आम्ही अडाणी, आम्ही मुलांस काय शिकविणार असे कदापि म्हणू नये. वसुलीवाला दारात आला असता बाप घरी नाही म्हणून सांग असे मुलास न शिकविणे, एवढे तर प्रत्येक घरास करता येते. आणि ते थोडे नाही.

५. एकाचा स्वभाव आणि संस्थेचा शिरस्ता

परंतु सर्वच शिक्षक साने गुरुजी कसे होतील? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर सातारा जिल्ह्यात मिळते. भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली काले ह्या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि ज्या वर्षी साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत लागले, त्याच १९२४ साली सातारा येथे वसतिगृह उघडिले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र काम करीत व एका पंगतीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी ह्या वसतिगृहास भेट दिली व श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे त्याचे नामकरण केले. मुलांच्या पोटासाठी धान्य नव्हते, त्या दिवसांत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने विकिले, मंगळसूत्रही राखिले नाही.

ह्या दोन उदाहरणांतील भेद लक्षात घ्यावा. अमळनेरात एका शिक्षकाच्या स्वभावाने काम केले; साताऱ्यात त्याबरोबर घराच्या नियमानेही काम केले. एका ताटावर दुसऱ्या जातीच्या सोबत्याच्या शेजारी बसून जो मुलगा वर्षभर जेवला, त्यास समतेची व्याख्या पाठ नसली तरी चालेल. स्वभाव प्रत्येकास मिळत नाही. परंतु चांगला शिरस्ता घालून देणे हे कोणत्याही शाळेस, कितीही लहान असली तरी, साधण्यासारखे आहे. शिक्षक बदलला तरी शिरस्ता मागे राहतो.

६. आणखी एक आक्षेप

मोठ्यांनी मुलांची कामे केली तर मुले आयतोबा होतील, असेही कोणी म्हणतात. ममता आणि लाड ह्यांत अंतर आहे. लाड करणारा मुलाचे काम अशासाठी करतो की मुलाने रडू नये. ममता करणारा ते अशासाठी करतो की मुलाने उद्या दुसऱ्याचे करावे. श्यामच्या आईने त्याच्यासाठी जन्मभर खस्ता खाल्ल्या, परंतु तो पोहावयास भिऊन लपून बसला तेव्हा त्यास शिपटी मारून विहिरीकडे धाडावयास ती कचरली नाही; आणि मग त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून आले. ममता आंधळी नसते.

तथापि येथे एक इशारा देणे अवश्य आहे. जुन्या गोष्टींतील मार पाहून आजच्या शिक्षकाने छडी उचलू नये. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोहोंस मनाई केली आहे. कायदा नसता तरी विचार करून पाहावा: खोटे बोलल्याबद्दल मार खाणारे मूल पुष्कळदा खरे बोलावयास शिकत नाही, सापडू नये असे खोटे बोलावयास शिकते.

७. आपल्या गावात आजपासून काय करता येईल

हे सर्व ऐकून आपल्या दोन शिक्षकी शाळेतील शिक्षक म्हणेल, आमच्या मागे निवडणुकीची कामे, जनगणना, पोषण आहाराचे हिशेब, कागदांचा ढीग. वर्ग तर एकाच खोलीत दोन-तीन. हे खरे आहे, आणि त्याच्यावर आणखी एक ओझे घालण्याचा आमचा हेतू नाही. म्हणून जी कामे रोज घडतातच, त्यांतच शील कसे शिकविता येईल, तेवढेच सांगतो.

(अ) हजेरीपट. तो खरा लिहावा. एखाद्या दिवशी पट कमी दिसेल, वरिष्ठ विचारतील, थोडा त्रासही होईल. परंतु मुलांच्या देखत लिहिलेली एक खरी ओळ हा वर्षातील सर्वांत मोठा सत्याचा पाठ होय. ऊसतोडीला गेलेल्या घरचे मूल गैरहजर आहे असे जर पटावर खरोखर दिसले, तरच त्या मुलाचे काय करावे ह्याचा कोणी विचार करील. खोट्या हजेरीने ते मूल दोनदा हरवते, एकदा शाळेतून आणि दुसऱ्यांदा कागदावरून.

(आ) दुपारची पंगत. शाळेत आहार मिळतो, तेव्हा मुले कशी बसतात ते पाहावे. कोणाचे ताट बाजूस सरकते काय? कोणाच्या हातचे पाणी नको म्हटले जाते काय? शिक्षकाने स्वतः त्या पंगतीत, मुलांच्या मध्ये, कधी ह्या बाजूस कधी त्या बाजूस, खाली बसून चार घास खावेत. वाढण्याची पाळी मुलगे व मुली दोघांसही द्यावी, आणि झाडण्याचीही. पुष्कळ ठिकाणी मुलगे बाके उचलतात आणि मुली झाडतात. मग स्त्री-पुरुष समानतेचा सुविचार फळ्यावर लिहून उपयोग काय?

(इ) बोली. आपल्या भागातील मूल घरून अहिराणी घेऊन येते. सातपुड्याच्या पायथ्याशी भिलोरी किंवा पावरी घेऊन येते. ते इथे-तिथे ह्याऐवजी आठे-तठे म्हणाले, आणि शिक्षक हसला, तर सारा वर्ग हसतो. त्या एका हसण्याने वर्गातील चाळीस मुले तुच्छता करावयास शिकली, आणि एक मूल आपल्या आईची लाज धरावयास शिकले. शिक्षकाने तोच शब्द आदराने उच्चारून मग पुस्तकातील शब्द शेजारी ठेवावा. सौजन्याचा पाठ ह्याहून निराळा नाही.

(ई) परीक्षा. दहावी-बारावीच्या वेळी कॉपीमुक्तीच्या मोहिमा निघतात, भरारी पथके फिरतात. परंतु कॉपीची सवय दहावीत लागत नाही. दुसरी-तिसरीच्या चाचणीत वर्गाचा निकाल चांगला दिसावा म्हणून शिक्षक जेव्हा उत्तर हळूच सांगतो, तेव्हा ती लागते. कमी गुण मिळालेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून हे तुझे स्वतःचे आहेत असे सांगणारा शिक्षक भेटला, तर भरारी पथकाची गरज पुढे कमी पडेल.

(उ) चूक कबूल करणे. फळ्यावर गणित चुकले आणि मुलाने दाखविले, तर शिक्षकाने ते पुसून माझे चुकले असे म्हणावे. मोठ्या माणसाचे हे दोन शब्द ज्या मुलाने ऐकले, त्यास स्वतःची चूक सांगण्याचे धैर्य येते. बापानेही घरी हे करून पाहावे.

ह्या पाच गोष्टींस पैसा लागत नाही, जादा तासही लागत नाही. लागते ते एवढेच की, मुले आपणांकडे पाहत आहेत ह्याची आठवण. अमळनेरच्या वसतिगृहातील ते कंदील कधीच विझले. आज तेथे विजेचे दिवे आहेत. परंतु संध्याकाळी परत येऊन स्वच्छ काचेकडे पाहताना त्या मुलांच्या मनात जो प्रश्न उठला असेल, हे माझ्यासाठी कोणी केले, आणि मी ते कोणासाठी करणार, तो प्रश्न आपल्या शाळेतील व घरातील मुलांच्या मनात उठावा असे एखादे काम आपल्या हातून ह्या आठवड्यात होवो.

विचारासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. आपण मुलांस जे शिकवितो आणि आपण त्यांच्या देखत जे करतो, ह्यांत कोठे कोठे अंतर आहे? एक उदाहरण प्रामाणिकपणे सांगा.

२. साने गुरुजींनी खोल्या झाडल्या तेव्हा मुलांस संकोच वाटला. दुसऱ्यास लाजविण्यासाठी केलेली सेवा आणि ममतेने केलेली सेवा ह्यांतील भेद मुले कशावरून ओळखतात?

३. अमळनेर व सातारा येथील वसतिगृहांत कोणती गोष्ट सारखी होती आणि कोणती निराळी? आपल्या शाळेत शिक्षक बदलला तरी टिकेल असा कोणता शिरस्ता घालता येईल?

४. आपल्या घरात कोणते काम मुलाकडून कधीच करून घेतले जात नाही? आणि मुलीकडून कोणते? ते का?

५. वर सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी एक ह्या आठवड्यासाठी निवडा. पुढच्या बैठकीस आल्यावर ती केली की नाही, आणि करताना काय अडचण आली, हे एकमेकांस सांगा.